‘ठ’ची मधली रेघ

मराठीच्या मुळाक्षरांत मधोमध उभी घडी घातली तर दोन्ही भाग एकमेकांवर नीट बसतील असं एकच अक्षर आहे, ते म्हणजे छापील ठ. हे मला आईनं सांगितलं. ती सोनाळ्यात आणि आसपासच्या गावांत प्राथमिक शिक्षिका होती. पाचवीच्या गणितात सममिती यायची तेव्हा पुस्तकात उदाहरणं इंग्रजी अक्षरांची असत. ए, एच, एम, टी. आईला ते पटत नसे. आपली अक्षरं का नाहीत, असं ती विचारी, आणि मग स्वतःच कारण शोधून सांगे. आडवी घडी मराठी अक्षराला चालतच नाही, कारण वर शिरोरेषा असते आणि खाली काही नसतं. उभ्या घडीत क आणि फ फसवतात. मध्ये दांडा, दोन्हीकडे काहीतरी वळलेलं, म्हणून मुलं दांड्यालाच सममिती अक्ष म्हणून मोकळी होतात. घडी घातली की कळतं, डावीकडचा गोल उजवीकडच्या आकडीवर बसत नाही. उरतो ठ. अंकांमध्ये शून्य आणि चार.

तिची शिकवण्याची रीत घडीची होती. आकृती काढायची, अक्ष कुठे आहे असं वाटतं तिथे रेघ मारायची, त्या रेघेवर कागद दुमडायचा आणि खिडकीशी उजेडात धरायचा. दोन्ही भाग जुळले तर रेघ बरोबर. डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, घडीवर ठेवायचा, असं ती वर्गात सांगत असे. आयताचा कर्ण अक्ष असतो असं जवळजवळ प्रत्येक मुलाला वाटतं. तिथे ती फक्त कागद दुमडायला लावी. कडुनिंबाचं पान सममित म्हणून कोणी आणलं की तिला आनंद व्हायचा. कडुनिंबाचं पान देठाजवळ एका बाजूला भरलेलं आणि दुसऱ्या बाजूला कापल्यासारखं असतं. वर्षानुवर्षं झाडाखाली बसणाऱ्या मुलांना ते माहीत नसे.

निवृत्तीनंतर ती सोनाळ्यातच राहिली. वडील आधीच गेले होते. घराच्या पुढच्या खोलीत तिनं फळा लावून घेतला आणि गल्लीतली मुलं संध्याकाळी शिकायला येऊ लागली. माझं घर बुलढाण्याला. एका दैनिकाच्या कार्यालयात पानं लावण्याचं माझं काम. दोन्ही बाजूंना सारखे फोटो आले की पान मेलं, असं आमच्याकडे म्हणतात. आईला मी ते एकदा सांगितलं तर ती म्हणाली, "मंग तुमच्या पेपरातले लोक पाचवीत नापास झाले असतीन."

तिला लकवा झाला तो हिवाळ्यात. डावा हात आणि डावा पाय काही काळ लुळा पडला, मग हळूहळू हलू लागला. ती काठी न घेता चालू लागली. बोलणं तर पहिल्यापासून स्वच्छ होतं. बघायला येणारे लोक म्हणत, बाई लवकर निभावल्या. मलाही तसंच वाटलं. मी कामावर परतले आणि रोज फोन करू लागले.

पहिली तक्रार शेजारच्या काकूंकडून आली. त्या आईला दुपारचं जेवण वाढत होत्या. फोनवर त्यांचा आवाज दुखावलेला होता.

"अव पोरी, तुया मायले झालं तरी काय? रोज मी ठेचा वाढते अन् रोज म्हणते, काऊन वो, आज चटणी नाही वाढली? मी काय ठेचा माघारी घरी नेऊन खाते काय?"

"विसरत असेल, काकू."

"इसरते कशाची! सगळ्या गावाची जन्मतारीख पाठ हाय तिले. मले चोर ठरवून राह्यली."

रविवारी मी गेले. काकूंनी माझ्यासमोर ताट वाढलं. ताटात उजवीकडे भाजी आणि वरण, समोर भाकर, डावीकडे मीठ, ठेचा आणि लिंबाची फोड, आपल्याकडे वाढतात तसं. आईनं वरण संपवलं, भाजी संपवली, भाकरीचा उजवीकडचा अर्धा भाग खाल्ला आणि हात थांबवला. उरलेली अर्धी भाकर ताटात तशीच होती.

"पाह्य," ती मला म्हणाली, "चटणी नाही, लिंबू नाही. अन् भाकर बी अर्धीच. मी काही बोलत नाही, बिचारी करते तेच खूप आहे."

काकू माझ्याकडे बघत होत्या. मी ताट अर्धं फिरवलं. ठेचा उजवीकडे आला.

"आता वाढला," आई म्हणाली आणि जेवू लागली.

काकू पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या. त्यानंतर त्यांनी ठेच्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

तेव्हापासून मी ज्या गोष्टींकडे दुर्लक्ष केलं होतं त्या दिसू लागल्या. तिनं केस विंचरले की उजवी बाजू गुळगुळीत असे आणि डावीकडे गुंता. पातळाचा डावा खांदा घसरलेला. विहारात तिला आता खुर्ची देत, बायांच्या रांगेच्या उजव्या टोकाला. वंदना आटोपून आली की ती म्हणे, "बाया येतच नाहीत अलीकडं, सगळे माणसंच दिसतात." बाया तिच्या डावीकडे नेहमीसारख्या बसलेल्या असत. मुलांना ती आयुष्यभर सांगत आली होती की वहीत डावीकडे समास सोडा. आता ती काही लिहायला बसली की पानाच्या निम्म्यापर्यंत समास सुटलेला असायचा आणि अक्षरं उजव्या कडेला दाटीनं उभी असायची.

शेगावच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कोऱ्या कागदावर एक लांब आडवी रेघ काढली आणि कागद तिच्यासमोर ठेवला.

"या रेघेच्या मध्यावर खूण करा, बाई."

आई हसली. "पाचवीचं गणित इचारता काय मले?"

तिनं पेन घेतलं आणि अजिबात न अडखळता खूण केली. खूण रेघेच्या उजव्या टोकाच्या जवळ होती. डॉक्टरांनी कागद उचलला आणि दुसरा ठेवला. फूल काढायला सांगितलं. तिनं मधला गोल काढला आणि पाकळ्या काढल्या. सगळ्या पाकळ्या एकाच बाजूला होत्या. फूल वाऱ्यात धरल्यासारखं दिसत होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, आम्हा दोघींना एकदमच. डोळे चांगले आहेत. डावीकडचं दिसतं, पण मेंदू ते मोजतच नाही. आणि अवघड भाग हा की काही राहून गेलं आहे हे रुग्णाला जाणवत नाही. त्याच्या दृष्टीनं जग पूर्णच असतं.

"मले सगळं दिसते," आई म्हणाली.

"हो, बाई."

"डावीकडं जे नाही म्हणता, ते काय हाय ते तरी सांगा."

डॉक्टरांनी कागद फाइलीत ठेवले. मग ते माझ्याशी बोलू लागले. काहींचं सुधारतं, काहींचं थोडं राहतं, किती हे सांगता येत नाही. वाचताना पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावा आणि पट्टी दिसेपर्यंत मान वळवायला सांगा. माणसांनी डावीकडून येऊन बोलावं. रस्ता एकटीनं ओलांडायचा नाही. गॅसजवळ एकटीनं थांबायचं नाही.

परतताना ती म्हणाली, "पोरगं हुशार वाटते, पण कागद वाकडा ठेवला होता त्यानं."

मी तिला बुलढाण्याला चल म्हटलं. तिनं नाही म्हटलं. घर तिचं होतं, फळा तिचा होता, आणि मुलं पुन्हा येऊ लागली होती. बुलढाण्याच्या फ्लॅटमध्ये मी कामावर गेल्यावर ती दिवसभर एकटीच असती. वहीच्या डाव्या कडेला मी लाल चिकटपट्टी लावून दिली. व्यायाम म्हणून ती रोज काही ओळी वाचायची, पट्टी शोधायची, ओरडायची, "सापडली!" फोनवरही ते मला ऐकवायची. फोन ठेवल्यावर ती पट्टी शोधत नाही हे काकूंनी सांगितलं.

मग दुधाची गोष्ट झाली. शेगडीच्या डाव्या बर्नरवर दूध ठेवलेलं काकूंच्या मुलीनं, आणि ती घरी गेली. आई उजव्या बर्नरवर चहा करत उभी होती. दूध उतू गेलं, बर्नर विझला, गॅस सुटत राहिला. उजवा पेटलेला होता. वास काकूंना त्यांच्या अंगणात आला. त्या धावत आल्या आणि त्यांनी टाकीचं बटण बंद केलं. आई त्यांच्यावर चिडली होती, चहा अर्धवट राहिला म्हणून.

त्या शनिवारी मी रजा काढून गेले. या वेळी तिला घेऊनच यायचं असं मी ठरवलं होतं. तिलाही ते समजलं होतं.

"तू मले वेडी समजून राह्यली," ती म्हणाली.

"वेडी नाही. पण एकटी राहू शकत नाहीस."

"काऊन?"

मी तिला ताट, विहार, दूध सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तरात चूक दुसऱ्या कोणाची तरी होती. शेवटी ती म्हणाली, "मले शिकवता येते का नाही, हे पाह्य. संध्याकाळी पोरं येतीन. त्याइचं सममिती चालू हाय शाळेत. तू मागं बस. एक बी गोष्ट चुकली तं मी तुयासंगं येते. नाही चुकली तं मले परत म्हणायचं नाही."

हा सौदा मी मान्य केला. तो धडा तिनं इतक्या वर्षांत इतक्यांदा घेतला होता की तो चुकणार नाही असं मलाही वाटत होतं. ती जिंकली असती तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

मुलं आली, चटईवर बसली. सुरुवात चांगली झाली. ती तोंडी शिकवत होती तोवर काहीच चुकलं नाही. चौरसाला अक्ष किती, आयताला किती, वर्तुळाला किती, तिनं विचारलं आणि मुलांनी ओरडून उत्तरं दिली. आयताला चार म्हणणाऱ्या मुलाकडून तिनं वहीचं पान फाडून घेतलं, ते त्यालाच कर्णावर दुमडायला लावलं आणि विचारलं, "आता कान बाहेर काऊन निघाले रे?" वर्ग हसला.

एका मुलीनं खिशातला छोटा आरसा काढला आणि नाकावर उभा धरला.

"बाई, माणसाचं तोंड बी सममित असते ना?"

"तुयं नाही," तिच्या शेजारचा म्हणाला. "तुया एकच डोया मोठा हाय."

"तुयं डोस्कंच अर्धं हाय बे!"

आईसुद्धा हसली. मी भिंतीला टेकून बसले होते. मला त्या वेळी वाटलं की मी हरते आहे, आणि त्यात थोडा सुटकेचा भाग होता.

मग ती अक्षरांवर आली. आपल्या मुळाक्षरांत सममित अक्षर कोणतं, हे तिनं मुलांना शोधायला लावलं. क म्हणणारे निघाले, ळ म्हणणारे निघाले. तिनं एकेक खोडून काढलं आणि मग उठून फळ्यावर मोठा ठ काढला. शिरोरेषा, छोटा दांडा, खाली गोल. गोल डावीकडे थोडा उघडा राहिला, पण ठ ओळखू येत होता. कित्येक माणसं ठ तसाच काढतात. मुलांनी तो वहीच्या कागदावर उतरवला.

"आता याचा अक्ष," ती म्हणाली, आणि तिनं लाल खडूनं उभी रेघ मारली.

रेघ गोलाच्या उजव्या कडेला घासून खाली गेली.

मुलांनी फळ्याकडे पाहिलं. समोरच्या रांगेतल्या मुलीनं एकदा मान तिरपी केली. मग सगळ्यांनी पट्ट्या घेतल्या आणि आपापल्या ठवर, गोलाच्या उजव्या कडेला, नीट मोजून, लाल रेघ मारली. बाईंनी मारली तिथे. एकाही मुलानं ती मधोमध मारली नाही. मी मागून सगळे कागद पाहू शकत होते.

"झाली? आता रेघेवर घडी. खिडकीपाशी चला."

मुलं उठली. खिडकीशी गर्दी झाली. कागद उजेडात वर धरले गेले आणि काही वेळ फक्त कागदांचा आवाज येत राहिला.

"जुळून नाही राह्यलं, बाई," कोणीतरी म्हणालं.

"घडी चुकली असंन. रेघेवरच घाला."

"रेघेवरच हाय, बाई."

"माया बी नाही जुळत."

"माया बी."

आई फळ्यापासून खिडकीपर्यंत गेली. तिनं समोरच्या रांगेतल्या मुलीच्या हातून कागद घेतला. घडी बोटानं चाचपली. घडी लाल रेघेवर बरोबर होती. कागद तिनं उजेडाकडे धरला. मग तिनं कागद उलगडला, आणि या वेळी रेघेकडे न बघता ठच्या शिरोरेषेची दोन टोकं, एक डाव्या हातात आणि एक उजव्या हातात, बोटांनी शोधून एकमेकांवर ठेवली. डाव्या हाताला टोक सापडायला वेळ लागला. तिनं नख फिरवून घडी दाबली आणि पुन्हा उलगडलं. आता कागदावर एक लाल रेघ होती आणि एक घडी होती, आणि त्यांच्यामध्ये जवळजवळ अर्धा गोल होता.

तिनं कागद हळूहळू उजवीकडे सरकवत नेला, आणि मग घडी तिला दिसली असावी. ती बराच वेळ बघत राहिली.

"ही रेघ कोणं चुकवली?" तिनं विचारलं.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "फळ्यावरून घेतली, बाई."

"सगळ्याइनं?"

"हाव."

"तुमाले दिसत नव्हतं काय, मधात नाही ते?"

मुलगी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "दिसत होतं. पण तुमी मारली होती ना."

आईनं कागद तिला परत दिला. "मंग फळाच चुकला," ती म्हणाली. "खोडा तो. अन् तू मार आता, मधात."

मुलीनं फळा पुसला. ठ पुन्हा काढला, गोल नीट मिटवला, मधोमध रेघ मारली. बाकीच्यांनी नवे कागद घेतले. आईनं उरलेला धडा खुर्चीवर बसून पूर्ण केला. वर्तुळाला अक्ष किती, असं शेवटी पुन्हा विचारलं, आणि मोजता येणार नाहीत इतके, असं उत्तर मुलांकडून घेऊनच सोडलं. उद्यापासून येऊ नका, हे तिनं सांगितलं नाही. ते दुसऱ्या दिवशी काकूंनी घरोघरी जाऊन सांगितलं.

मुलं गेल्यावर ती हातावरचा खडू झटकत राहिली. डाव्या हातावरचा खडू तसाच राहिला.

"कवा निघाचं?" तिनं विचारलं.

"तुला वाटेल तेव्हा."

"मले वाटते तं मी इथंच राहीन. तू सांग."

मी सोमवार सांगितला.

सोमवारी काकू बसथांब्यापर्यंत आल्या. त्यांनी पोळ्यांचा डबा आईच्या उजव्या हातात दिला आणि स्वतः उजवीकडेच उभ्या राहिल्या. काकू म्हणाल्या, "येत जाजा वो, बाई." आई म्हणाली, "मी कुठी मरून राह्यली? बुलढाण्यालेच चालली." एसटी आली. आत फक्त डावीकडचं एक बाकडं रिकामं होतं. आई खिडकीशी बसली आणि मी तिच्या शेजारी.

बस निघाली. आई समोर आणि पलीकडच्या बाकड्याकडे बघत होती, तिथे बकरीचं पिल्लू मांडीवर घेऊन एक म्हातारा बसला होता. गावातून बाहेर पडताना डावीकडे तिची शाळा लागते. कुंपणाची भिंत, मग गेट, मग मैदान.

"शाळा आली की सांगजो मले," ती म्हणाली.

शाळा त्या वेळी तिच्या खिडकीबाहेर होती. मधली सुट्टी असावी, मैदानात मुलं होती.

"आली, आई. डावीकडे."

तिनं मान वळवायला सुरुवात केली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, आधी हातानं खिडकीची चौकट शोधली, मग तिथपर्यंत नजर नेली. तोवर बस पुढे गेली होती. बाहेर कापसाच्या गोदामाची लांब, नवी रंगवलेली भिंत होती. ती भिंत संपेपर्यंत ती बघत राहिली.

"रंग चांगला देला या साली," ती म्हणाली. "पोरं काऊन नाहीत बाहेर?"

"वर्गात असतील," मी म्हटलं.